सोयरा पंच

बोरवाडी, ता. श्रीवर्धन
२ मे १९५६

तीर्थस्वरूप हरेश्वरदादास,
वेणूचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

सामना संपल्यासंपल्या तू मुंबईची गाडी पकडलीस, मागे काय शिजलं ते तुला कुठून कळणार? जन्म तिकडचा आणि बहीण इकडे दिलेली, म्हणजे हा कुणाचीच बाजू घेणार नाही, असं म्हणून दोन्ही गावांनी जत्रेच्या कबड्डीला तुला पंच नेमलं. आता इथले तेच लोक म्हणतात, शेवटी जन्मगावाकडेच झुकला.

ह्यांनी शेवटच्या चढाईत तीन गडी मारले, पडता पडता मध्यरेषेला हात लावला. तू मात्र दम तुटला म्हणून शिट्टी वाजवलीस आणि आम्ही हरलो. काल मामंजींनी सांगून टाकलं, की तुझा भाऊ चुकलो म्हणत नाही तोवर तू माहेरी जायचं नाहीस. पहिलं बाळंतपण आहे, दादा. मामंजींना दोन ओळी लिही. त्यांना अक्षर येत नाही, त्यांची पत्रं हेच वाचून दाखवतात. चूक झाली एवढंच म्हण. एरवी वहिनीसमोर दिवसातून चारदा म्हणतोसच.

कळावे. तुझ्या शिट्टीवर आहे त्याहून थोडा जास्त लोभ माझ्यावर असावा.
तुझी वेणू


मुंबई
९ मे १९५६

चि. सौ. वेणूस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ओझी उचलू नकोस आणि विहिरीवर एकटी जाऊ नकोस, बाकीचं नंतर.

गिरणीला सुट्टी रविवारची, आणि माझे सारे रविवार मैदानावर जातात. वर्षानुवर्षं शिव्या खाल्ल्या, एका गावात तर चप्पल खाल्ली. तुझी वहिनी म्हणते, नारळ एक आणि शिव्या गाडाभर, हा कसला मान! तरी जातो. शिट्टी वाजली की अंगात आलेली पोरं जागच्या जागी थांबतात, कारण याने ऐकलं तेच सांगितलं असणार असं त्यांना वाटतं. गिरणीत मला कोण विचारतो?

मी चंदररावांच्या तोंडाशी वाकलो होतो. रेषेला हात लागायच्या आधी त्यांचा शब्द थांबला आणि श्वास आत गेला. त्या आरडाओरड्यात दुसऱ्या कुणाला ते ऐकू येणं शक्य नव्हतं. ते आम्हा दोघांनाच ठाऊक, तुझ्या नवऱ्यालाच विचार. तुझ्या सासऱ्यांच्या हवं तर पाया पडेन, पण चुकलो असं म्हणणार नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा दादा


बोरवाडी
१८ मे १९५६

ती. दादास,
वेणूचा सा. न. वि. वि.

ह्यांना विचारलं. उठून गोठ्यात गेले आणि बांधलेला बैल सोडून परत बांधत बसले. मी काय समजायचं ते समजले. म्हणून आता तुला खोटंच लिही म्हणते आहे, समजून उमजून.

सासूबाई असत्या तर म्हटलं नसतं. घरात बाईमाणूस मी एकटी. सुईण खाडीपलीकडे आणि पाऊस लागला की होडी बंद. मला भीती वाटते, दादा. तुझा राग आला आहे आणि वाटही तुझीच पाहते आहे.

लोभ असेल तर आता दाखव.
तुझी वेणू


मुंबई
२५ मे १९५६

तीर्थस्वरूप कोंडाजीबाबा यांचे सेवेशी,
हरेश्वरचा साष्टांग नमस्कार वि. वि.

जत्रेतल्या सामन्यात चंदररावांचा दम शाबूत होता. गोंगाटात मला चुकीचं ऐकू आलं. माझ्यामुळे आपल्या गावाला कमीपणा आला, त्याची हात जोडून माफी मागतो. असल्या माणसाने पंचाचं काम करू नये. तसं कबड्डी मंडळाला कळवतो आहे, यापुढे कुठल्याही मैदानावर उभा राहणार नाही.

वेणूला पाऊस लागायच्या आत आईकडे पाठवावं. आपण वडील आहात, अपराध पोटात घालून लोभ ठेवावा.
आपला हरेश्वर


बोरवाडी
२ जून १९५६

ती. दादास,
वेणूचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र परवा आलं. मामंजी ओटीवर बसले होते, मी दाराआड. ह्यांनी पाकीट फोडलं, मनातल्या मनात वाचलं आणि मग मोठ्याने वाचायला लागले. दम तुटला होता, मी दिलेला निर्णय बरोबर होता, बहिणीसाठीही तो मला फिरवता येत नाही, राग माझ्यावर ठेवा, तिच्यावर नको. एवढं वाचून कागद मिटला. मला तिथेच रडू फुटलं. मनात म्हटलं, दादाने हट्ट सोडला नाही, आता आपलं इथेच काय व्हायचं ते होईल.

मामंजींनी हातातली विडी विझवली. मग म्हणाले, "सख्ख्या बहिणीसाठी बी खोटं न्हाय लिवलं त्यानं. मंग त्या दिवशी तरी कशाला खोटं बोलंल? जा पोरी, आईकडं जा."

नंतर ह्यांनी कागद माझ्या हातात ठेवला. मी वाचला. दादा, तू हे माझ्यासाठी लिहिलंस, आणि मी तुला लिहायला लावलं. मंडळाला कळवलं असशील तर आजच्या आज मागे घे. मी जन्मात पुन्हा असं काही मागणार नाही. तुझा कागद चुलीत घातला.

शुक्रवारच्या होडीने हे स्वतः मला आईकडे पोचवायला येताहेत. मी ह्यांना विचारलं, की खरं काय ते मामंजींना कधी सांगणार? हे म्हणाले, "सांगितलं की. वाचून दाखवलं ना परवा."

लोभ आहेच, तो कसा असावा हे आता मी तुला काय सांगू?
तुझी वेणू