सांगलीची रांग मी सोडली

अब्बा, तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. आता साताऱ्यात तुम्ही करायचात तेच कॉम्प्युटर ऑपरेटरचं काम करते. तुमच्या वेळचं मशीन कधीच भंगारात गेलं, पण काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं तीच आहेत. घरात आपण आपली बोली बोलायचो. अक्षरं मात्र तुम्ही मला शाळेच्या आधी मराठीत शिकवलीत, लोणंदच्या स्वयंपाकघरात, ऑफिसातून आणलेल्या, कडेला भोकं असलेल्या कागदाच्या पाठीवर. म्हणून हे मराठीत. रागावलात की तुम्हीही मराठीत बोलायचात. एकदा विचारलंत, गॅस बंद केलास का, आणि मी उंबऱ्यातूनच "झालं" म्हणाले. "झालं म्हणू नको. बघितलं म्हण." मी जाऊन बघून आले. गॅस बंदच होता, तरी जेवण होईपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

मंगळवारी साताऱ्याचं मशीन बंद करून न्यायचं होतं. त्याच्या छपाईच्या रांगेत व्हॉल्व्हच्या चाचण्यांचे जुने रिपोर्ट साठलेले, ते सांगलीत विश्रामबागच्या ऑफिसातल्या मशीनवर पाठवायचे. तुम्हाला सांगायला नको, आधी तिकडची रांग होल्डवर, म्हणजे थांबवून ठेवायची, मगच इकडची सोडायची. नाहीतर रिपोर्ट पोचतात तसे छापले जातात आणि छापले की पुसले जातात. इकडचे तर पाठवतानाच पुसलेले असतात. सांगलीला एक ऑपरेटर काका आहेत, पन्नाशीचे, कंत्राटावर. त्यांना मी फोनवर तीनदा विचारलं, "होल्ड केलाय ना काका?"

"केलाय म्हणतोय न्हवं! आवं म्याडम, लग्न ठरलं की नवऱ्याला इतकं इचारू नगा, पळून जाईल."

मी हसले. माझ्यासमोर पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या, एक साताऱ्याची, एक सांगलीची, दिसायला अगदी सारख्या. रांग सोडायची कमांड दिली. काहीच हललं नाही. पुन्हा दिली. या वेळी रिपोर्ट निघाले.

आणि फोनमध्ये काकांच्या मागे प्रिंटर करकरायला लागतो. "आवं, ह्यो छापाय लागला की!" ते धावत जाऊन बंद करतात तोवर तीसेक रिपोर्ट गेलेले असतात. त्यात तिकडची रिबन सुकलेली, कागदावर शाई नाही, नुसते टोचल्यासारखे ठसे. माझी नजर खिडकीच्या कोपऱ्यातल्या नावावर जाते. पहिली कमांड मी सांगलीच्या खिडकीत दिली होती. त्यांनी होल्ड केलेली रांग मीच सोडली होती.

तेवढ्यात साहेब आम्हा दोघांना फोनवर घेतात. "होल्ड कुणी केलं नव्हतं?" मी तोंड उघडते. काका आधी बोलतात, "साहेब, माझ्याच हातनं राहिलं असंल."

"तुमचं कंत्राट महिनाअखेर संपतंय, लक्षात आहे ना?"

मी पडद्यावरची सांगलीची खिडकी बंद करते.

पुढचे दोन दिवस गेलेले रिपोर्ट परत उतरवण्यात गेले. काका तिकडे एकेक कागद उजेडात तिरका धरून ठसे वाचायचे आणि मी इकडे टाइप करायचे. एखादा आकडा लागला नाही तर ते अंदाजाने सांगत नसत, खिडकीशी जाऊन पुन्हा बघून येत. आज सकाळी मी न राहवून म्हणाले, "काका, ती रांग मी सोडली होती."

"म्हाईत हाय. कुणी सोडली ते मशीनमधी दिसतंय की. तुमचंच नाव हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, पोरगी घाबरलीया, तासाभरात सांगंल. त्येच बघत हुतो." मग म्हणाले, "लय येळ लावला म्याडम."

फोन ठेवला आणि साहेबांना मेल लिहिला. चूक माझी आहे, काकांनी होल्ड केलं होतं, कमांडची नोंद सोबत जोडली आहे. चार वेळा वाचून पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही. काकांना ठेवतील का, मला ठेवतील का, काही कळत नाही. मेलमध्ये जे लिहिलं ते सगळं खरं आहे, पण एक गोष्ट त्यात नाही. ती कुठल्या नोंदीत दिसणार नाही, काकांनाही ठाऊक नाही, आणि हा कागद तर कुठेच जाणार नाही, म्हणून इथे लिहिते. काकांनी चूक अंगावर घेतली त्या क्षणी मला हायसं वाटलं होतं, अब्बा.