गॅरेजच्या फरशीचे चार नकाशे

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय आर्लो,

तू बरा असशील आणि तुझे गुडघे त्याहून बरे असतील असं धरून चालते. इथे आम्ही दोघं ठीक आहोत. बटाटे काढून झाले, बर्चची पानं पिवळी पडायला लागली, आणि शेजारची बर्निस अजूनही जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत देते. पाच वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले ती गॅरेजच्या फरशीबद्दल. हस बाबा, हस.

जुनं गॅरेज मार्चच्या बर्फाने बसलं. छप्पर थेट माझ्या गाडीवर. आता नवं उभं राहिलंय. खांब, भिंती, छप्पर सगळं झालं, खाली मात्र अजून नुसती खडी. काँक्रीटचा ट्रक सहा ऑक्टोबरला, सोमवारी सकाळी आठला येणार. त्यानंतर थंडी कधी धरेल ते तुला सांगायला नको.

फरशीच्या पोटात गरम पाण्याच्या नळ्या घालायच्या असं व्हर्नने ठरवलंय. अडतीस वर्षं या माणसाने सगळ्या जिल्ह्याच्या फरशांत नळ्या घातल्या. अग्निशमन केंद्राची फरशी त्याची, चर्चच्या तळघराची त्याची, आणि स्वतःच्या घरी मी जानेवारीत दोन-दोन मोजे घालून फिरते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला म्हणाला, "मार्लिस, ही फरशी तुझ्यासाठी." लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, म्हटलं फार घाई केलीस.

पण माझं डोकं गरगरायला लागलंय. जो भेटतो तो वेगळंच सांगतो. चर्चमध्ये रविवारच्या कॉफीला एकाने सांगितलं, आधी प्लास्टिकचा कागद आणि त्यावर फोमचे तक्ते. दुसरा म्हणाला, "छे छे, आधी फोम, मग कागद, नाहीतर सगळं पाणी वर येईल." दोघं वेलदोड्याचा पाव हातात धरून असे भांडले की पाद्रीबाई मध्ये पडल्या. फोम दोन इंची की तीन? नळ्या फुटाफुटावर की नऊ इंचांवर? बर्निसचं तर तिसरंच. म्हणाली, "फरशी गरम केलीत तर नोव्हेंबरात शिकारीचं हरीण कुठे टांगणार गं? मांस तीन दिवसांत वास मारेल!" हे मात्र आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. व्हर्न इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

तू तीस वर्षं काँक्रीट ओतलंस, म्हणून तुला विचारते. एकदा ओतलं की खाली काय आहे ते कुणाला दिसणार नाही. चुकलं तर चुकलंच.

मी तुला लिहितेय हे व्हर्नला माहीत नाही. लिंडक्विस्टच्या फरशीचा विषय मी काढत नाही, तूही काढू नकोस.

तुझी ताई,
मार्लिस


शनिवार, २० सप्टेंबर

प्रिय आर्लो,

तुझं कार्ड मिळालं. "प्लास्टिक खाली, फोम वर. दोन इंच. कडेलाही लाव. व्हर्नला विचार." दहा शब्द. मी मोजले. आपल्या बाबांची तारसुद्धा याहून लांब असायची. तरी पुष्कळ झालं, कार्ड फ्रिजवर लावलंय. म्हणजे लावलं होतं, मग काढून पर्समध्ये ठेवलं.

प्लास्टिक झालं, फोम झाला, त्यावर लोखंडी जाळी झाली. कडेला फोम उभा लावला, नाहीतर सगळी ऊब बाहेरच्या बर्फाला पाजल्यासारखं. बघ, शिकले की नाही?

आता अडलंय ते नळ्यांच्या नकाशावर. व्हर्नने एक नाही, चार नकाशे काढलेत, चर्चच्या पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूला. पहिल्यात चार नळ्या आहेत. भिंतीवरच्या पितळी पट्टीतून प्रत्येक निघते, नागमोडी फिरते आणि परत त्याच पट्टीला येते. दुसऱ्यात पाच नळ्या आहेत. तिसऱ्यात सगळ्या दाराकडे जातात आणि परत येतच नाहीत. चौथ्यातलं गॅरेज आपलं नाहीच वाटत, त्याला दोन दारं आहेत. चारही सोबत पाठवतेय. कुठला बरोबर? मी पडले शाळेची बस चालवणारी बाई, मला यातलं काय कळतंय. नुसता गोंधळ झालाय माझा.

गेल्या आठवड्यात मी एका हीटिंगवाल्या तरुणाला बोलावलं होतं, नुसतं बघून जा म्हणून. व्हर्नने त्याला दारातच अडवलं. "माझ्या फरशीत परक्याचा हात? तुझ्या साहेबाला हे काम मी शिकवलं, पोरा. जा, आईला नमस्कार सांग." बिचारा कॉफी न पिता गेला.

एरवी सगळं छान आहे. व्हर्न रोज सकाळी सहाला उठून खडीवर हजर असतो. मागच्या हिवाळ्यात तो दहापर्यंत उठत नसे, हे तुला सांगितलं नव्हतं वाटतं. तीन नळ्या बांधून झाल्या. चौथी जरा राहिलीय.

आज वाफेचा सौना तापवलाय. तुझा टॉवेल अजून त्याच खुंटीवर आहे.

तुझी,
मार्लिस


शनिवार, २७ सप्टेंबर

आर्लो,

तू फोन केलास आणि मी "सगळं ठीक आहे" म्हणून ठेवून दिला. व्हर्न तिथेच बसला होता रे. तू विचारलंस, "ताई, हे नकाशे व्हर्नने काढलेत?" तुझ्या आवाजावरूनच कळलं मला की तू ओळखलंस.

आता खरं लिहिते. मला नकाशे कळतात. अडतीस वर्षं त्याचे नकाशे मीच साफ करून काढले, न कळायला काय झालं? पहिला बरोबर आहे. बाकीचे तीन त्यानंतरचे आहेत. गोंधळ माझा नाही, त्याचा आहे. डुलुथच्या डॉक्टरीणबाईंनी दीड वर्षापूर्वीच सांगितलं. त्या आजाराचं नाव मी घरात उच्चारत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. तुला कळलं असेलच.

हात अजून त्याचेच आहेत. जाळीवर मारलेली एकेक गाठ बघशील तर डोळ्यांत पाणी येईल. पण परवा चौथ्या नळीचं टोक हातात धरून तो पितळी पट्टीसमोर उभा होता. मी भांडी घासली, कपडे वाळत घातले, तरी तो उभाच. मी गेले आणि म्हटलं, कॉफी हवी का? तर म्हणतो, "मार्लिस, ही कुठे जाते गं?"

मला सांगता आलं नाही. सांगता येत होतं. पण मी सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं की मला माहीत आहे. म्हटलं, मला काय विचारतोस, मी बस चालवते. तो हसला. म्हणाला, "आर्लोला विचारू. तो कुठे राहिला आज?"

आर्लो, तो भांडण विसरलाय. लिंडक्विस्टची फरशी त्याच्या डोक्यातून पुसून गेलीय. रोज सकाळी तो तिसरा कप काढून ठेवतो, तुझा निळा. मी तो उचलून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा काढतो. एकदा चिडून म्हटलं, अरे, आर्लो फार्गोला राहतो. तर म्हणाला, "मग लवकर निघावं लागेल त्याला."

आता जे लिहायचं ते लिहायला मला तीन पत्रं लागली.

लिंडक्विस्टच्या गॅरेजात जानेवारीत नळीतून पाणी फुटलं, अख्खी फरशी फोडावी लागली. व्हर्न चारचौघांत म्हणाला की तुझ्या माणसाने काँक्रीट ओढताना फावड्याने नळी कापली. तू म्हणालास, "नळीत हवा भरून दाबाचा काटा लावला असतास तर मला तिथल्या तिथे कळलं असतं. काटा नव्हताच." तो म्हणाला, "मी आणि काटा विसरेन?" सगळ्यांनी त्याचंच ऐकलं. जिल्ह्यात व्हर्न कंगासचा शब्द म्हणजे शब्द. तुझी कामं गेली, मशीन विकून तू फार्गोला गेलास.

व्हर्नची ती वही आठवते ना, तारेच्या गुंडाळीची? प्रत्येक फरशीचे तीन आकडे, ओतण्याआधी काटा किती, ओतताना किती, नंतर किती. तू गेलास त्याच आठवड्यात मी ती उघडून पाहिली. लिंडक्विस्टच्या नावापुढे तिन्ही जागा कोऱ्या आहेत. त्याखाली लिंडक्विस्टचंच नाव परत लिहिलंय, तीच तारीख, आणि तेही कोरं. काटा लावलाच नव्हता. तो विसरला होता, आणि विसरलो हेही विसरला होता. खोटं तो बोलला नाही रे. खोटं मी बोलले. वही रजयांच्या पेटीत तळाला घातली आणि पाच वर्षं गप्प बसले. घाबरले होते. वाटलं, एका वर्षात दोन माणसं कशी गमावू? म्हणून तुला जाऊ दिलं. सख्ख्या भावाला. त्या वर्षीच मी तोंड उघडलं असतं, तर तुझं नाव वाचलं असतं आणि डॉक्टरला दाखवणंही साडेतीन वर्षं आधी झालं असतं. याला क्षमा मागायची तरी कोणत्या तोंडाने?

वही या पत्रासोबत पाठवतेय. तुझी आहे ती आता. लिंडक्विस्टला दाखव, चर्चमध्ये दाखव, वर्तमानपत्रात छाप. तुझा हक्क आहे. मी शेजारी उभी राहून खरं आहे म्हणेन. एवढंच मागते की सहा तारखेनंतर दाखव.

सहाला ट्रक येतोय. ट्रक मी पुढे ढकलू शकते, थंडी नाही ढकलता येत. आणि पुढच्या वसंतापर्यंत त्याच्याकडे किती उरेल, मला माहीत नाही. गरम फरशी मला नको रे. मी दोन मोजे घालून मरेन. पण ही एक फरशी त्याने स्वतः पुरी केली पाहिजे, आणि ती चुकता कामा नये. परक्याने दुरुस्त केलेली त्याला कळेल. तू केलेली कळणार नाही. तुम्ही दोघं तर आयुष्यभर एकमेकांच्या कामात हात घालत आलात.

पाच तारखेला, रविवारी ये. चौथी नळी त्याच्या हातातच राहू दे, तू नुसतं टोक पट्टीकडे वळव. मग हवा भरा. काटा साठावर आला की त्याला मोठ्याने वाचायला सांग, आणि ओतून होईपर्यंत तिथेच उभा ठेव. तेवढं त्याला जमतं.

तो दारातच विचारेल, "एवढा उशीर?" त्याला पाच वर्षं सांगू नकोस. रस्त्यात काम चाललं होतं म्हण. शिव्या द्यायच्या त्या मला दे, सौनात, दार लावून. मी तापल्या दगडांवर पाणी टाकत राहीन.

वही येताना घेऊन ये. शेवटच्या पानावर जागा आहे. मी तिथे आमचं नाव आणि तारीख घालून ठेवलीय. पुढच्या तीन जागा कोऱ्या आहेत.

कप उद्यापासून मी उचलणार नाही.

तुझी,
वही लपवणारी बहीण
मार्लिस