सासू, जावई आणि मधली घोंगडी

प्रिय लुएलाताईस,

धाकट्या अर्लीनचा दंडवत. फिनिक्समधल्या त्या गार खोलीत तू सुखातच असशील, म्हणून तब्येत विचारत नाही. माझी विचारशील, तर तुझ्या कृपेनं अजून जिवंत आहे.

कृपा म्हणजे तो फॉर्म. तू नोकरीपायी शहरात आणि दाजी इकडे मेंढ्यांपाशी. त्यांच्या गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्याची ने-आण हवी, म्हणून मी चालवते त्या ज्येष्ठांच्या गाडीचा फॉर्म तू तिकडून भरलास आणि ‘एकाच घरचे प्रवासी’ या चौकटीत आईचं नाव घातलंस. छान केलंस! आपल्या नावाहो लोकांत सासू-जावयांनी एकमेकांचं तोंड पाहायचं नसतं, पाहिलं तर डोळे जातात, ही क्षुल्लक गोष्ट शहरात विसरायला होतेच. पस्तीस वर्षं दोघं एकाच अंगणाच्या दोन टोकांना राहिली, एकमेकांना दिसली नाहीत (म्हणून तर कधी भांडली नाहीत). आता मंगळवार, गुरुवार, शनिवार आईचं डायलिसिस आणि दाजींचा गुडघा एकाच गाडीत. ऑफिस म्हणतं, फेरी बदलायला सहा आठवडे लागतील. आईचं रक्त तेवढं थांबेल का, हे त्यांच्या संगणकानं विचारलेलं नाही.

ऑफिसचं काय सांगू? प्रशिक्षणात शिकवलं : प्रवाशाच्या डोळ्यांत बघा, नावानं हाक मारा, तीन मिनिटांत गाडी हलवा. आजीच्या हाताखाली मेंढ्या राखताना मी यातली एकही गोष्ट केली असती, तर तिनं काठीच घातली असती. तिची शिकवण अशी, की म्हाताऱ्या माणसाकडे टक लावू नये, तोंडावर नाव घेऊ नये, आधी आपलं कुळ सांगावं. म्हणून प्रत्येक नवा म्हातारा दारातच आईकडचं, बापाकडचं कुळ सांगतो आणि चौथ्या कुळाला माझा आजोबा निघतो. आजोबाला ‘चला, आटपा’ कोण म्हणणार? (मेंढ्या बऱ्या. त्या निदान नातं काढत नाहीत.)

तर मी गाडीत मधोमध घोंगडी टांगली. दाजी आधी चढून मागं बसतात, मी भोंगा वाजवते, मग आई येऊन पुढं बसते. सगळं सुरळीत होतं. गुरुवारी ओढ्याच्या वाळूत चाक रुतलं. दाजी मागच्या दारानं उतरून ढकलायला लागले. आई डोक्यावरून रुमाल ओढून पुढच्या काचेकडे तोंड करून बसली आणि तिथून हुकूम सोडू लागली.

“त्या माणसाला सांग, डावीकडून लाव म्हणावं जोर.”

दोघांत चार हातांचं अंतर. तरी मी सांगायचं.

“त्यांना सांग, मी तीस वर्षं रेल्वेचे रूळ उचललेत.”

“मग रूळच उचल म्हणावं! गाडी त्याच्यानं व्हायची नाही.”

आई खुदकन हसली. मागून दाजीही हसले. मी मात्र घामानं निथळत होते. दवाखान्यात पाऊण तास उशिरा पोचलो.

शनिवारी ऑफिसातून प्रॅटसाहेब आले. घोंगडीमुळं आरशातून मागचं दिसत नाही, हा गुन्हा. दहा दिवसांनी, मंगळवारी, ते स्वतः गाडीत बसणार. घोंगडी दिसली तर माझ्याकडून किल्ली काढून घेणार. आईला सांगितलं, तर म्हणते, “मी घरी मरेन, पण माझ्या लेकीला सांभाळणाऱ्याचे डोळे घालवणार नाही.” दाजी म्हणाले, “मी नाही येत. एक गुडघा गेला तर दुसरा आहे.” ते आईच्या कानावर गेलं. “त्या माणसाला सांग, तो येणार नसेल तर मीही नाही.” झालं! इतकी माया एकमेकांना न पाहता बसली आहे, पाहिलं असतं तर काय झालं असतं!

असो. मी कुणाकडे काही मागत नाही.

तुझीच,
अर्लीन

ता.क. : नियमांचं पुस्तक वाचलं. पडदा, चादर, घोंगडी टांगायला बंदी आहे. सोबत एक नातेवाईक चालतो आणि त्यानं मधल्या आसनावर बसू नये असं कुठंही लिहिलेलं नाही.

ता.क. २ : रजा टाक आणि त्या मंगळवारच्या आदल्या दिवशीच्या बसनं ये. तुझा तो जाड हिवाळी कोट घालून, जमेल तितकी ऐसपैस बस. तुझ्या वजनाबद्दल आजवर बोलले ते सगळं मागं घेते. मंगळवारी दुपारनंतर पुन्हा बोलेन.