गार्गीचे टाके आणि तुझा पाला

नाशिक

तीर्थरूप आईस साधनाचा साष्टांग नमस्कार.

सायकलवरून पडून गार्गीच्या हनुवटीला टाके घालावे लागले, हे ऐकल्यापासून तुझा डोळा लागला नसेल. आता निश्चिंत राहा. जखम कोरडी आहे, सूज उतरली आहे, तापही नाही. तुझे गुडघे कसे आहेत? बाबा औषध वेळेवर घेतात ना?

भाजीच्या गाडीबरोबर तू पाठवलेला झेंडूचा पाला पोचला. त्याचा रस मात्र लावला नाही, रुसू नकोस. टाक्यांवर काहीही लावू नये, पट्टी उघडू नये, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. शेजारच्या काकू तर वाटीभर हळद घेऊन आल्या. त्यांच्या अज्ञानावर मी बोलणार, तोच गार्गी म्हणाली, "काकू, ती दुधात घालून द्या ना, मी पिते." इतका सभ्य नकार मला जमला नसता.

काल दुपारी ती झोपली आहे असे समजून, व्रण राहील की काय या काळजीने, मी पट्टीची कड उचलू लागले. डोळे न उघडताच तिने विचारले, "आई, हात धुतलेस? आणि डॉक्टर काय म्हणाले होते?"

रागवावे की मिरवावे, क्षणभर कळेना. मिरवतेच आहे, म्हणून तर हे पत्र.

तुझ्या नातीची आई,
साधना