पंधरा प्रश्नांना दिलेला व्हय

६ जानेवारी
बांद्याहून दोन गाड्या बदलून दुपारी मालवणात पोचले. खोली लहान, पण खिडकीतून माडांमधून खाडी दिसते. हे गेल्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर आज पहिल्यांदा स्वतःपुरता भात लावला आणि तो नीट झाला. काम मला आवडेल असं वाटतं. घरात एक माणूस अंथरुणाला खिळलं की बाकीच्यांच्या जगण्याचं काय होतं, ते मोजायचं. पंधरा प्रश्नांचा फॉर्म आहे, दर आठवड्याला त्याच घरी जाऊन परत भरायचा. त्रास अजिबात नाही म्हटलं तर शून्य, थोडा तर एक, खूप तर दोन. आजाऱ्याला सगळे विचारतात, उशाशी बसलेलीला कोणी विचारत नाही. मी दीड वर्ष ह्यांच्या उशाशी होते.

प्रशिक्षणात एकच गोष्ट तीनदा सांगितली. उत्तराला हो-नाही म्हणू नका, फक्त लिहा.

कुडाळला चारुताला फोन केला. लेक माझी गुणी, पण कंपनीतून दमून आलेली असते. ऐकत असो-नसो, दर वाक्याला "व्हय गो आये".

९ जानेवारी
पहिलं घर गुणाजीचं. पाच वर्षांपूर्वी होडीवरच अर्धांगवायू झाला, वाचाही गेली. काही हवं असलं की डाव्या हाताने स्टीलची वाटी खाटेच्या लोखंडी दांड्यावर ठोकतो. तीन ठोके. बायको हिरा मध्येच उठते, पाजते, पुसते, परत बसते.

तिने उत्तरं दिली ती देवळात गाऱ्हाणं घालतात त्या सुरात. बा म्हाराजा, माका झोप नाय. बा म्हाराजा, जेवान गोड लागना नाय. प्रत्येक वाक्यानंतर थांबून माझ्याकडे बघायची. गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी जाब द्यायचा असतो, नुसतं बसणं बरं दिसत नाही. मी हसून "व्हय म्हाराजा" म्हटलं. पंधरा वेळा.

तिची बेरीज तीस. तिसापैकी तीस. निघताना तिने माझे हात धरले, सोडेचना.

१६ जानेवारी
हिरा आज चौदा. केस धुतलेले, वेणीत अबोली. म्हणाली, बाय, पाच वर्षांनी मी बाजारात जाऊन इलंय, बांगडो कसो दिसता ताच इसरलेलंय. मलाही हसू आलं.

माझी झोप मात्र बिघडली आहे. हाताला मालिशच्या तेलाचा वास येतो, साबणाने जात नाही. कांदा चिरताना तीन ठोके ऐकू आले. माझ्या खोलीत लोखंडी खाट नाही. मी चटईवर झोपते.

२३ जानेवारी
हिरा शून्य.

आम्ही बोलत असताना गुणाजी ठोकत होता. तिने मान वळवली नाही. दुर्लक्ष नव्हतं ते, तिला ऐकूच येत नव्हतं. शेवटी मीच पाणी पाजलं. तो माझ्याकडे बघत राहिला, घरच्या माणसाकडे बघावं तसा.

वाटेत हिराच्या शेजारची काशीबाई भेटली, माशांची पाटी घेऊन. सगळं विचारून घेतलं आणि पाटी खाली ठेवली. म्हणाली, तू व्हय म्हटलंस? अगो, आम्ही वाडीतली माणसां पाच वर्षां तिच्याकडे फक्त हां-हूं करून उठतो. ऐकणाऱ्यान व्हय म्हटल्यान की ता त्याच्या अंगार जाता. शिकलेली ना गो तू?

शिकलेली कुठची. वाचनालयातली पुस्तकं वाचलेली, एवढंच.

२५ जानेवारी
स्वतःचा फॉर्म भरला. तीस.

खोलीबाहेर पाऊल टाकवत नाही. मागे त्याला काही लागलं तर? कोणाला? कोणी नाही इथे. ठोके पडले की राग येतो. ह्यांच्यावर एकदा असाच हात उगारला होता. तेव्हा कुठे लिहिलं नव्हतं, आज लिहिते.

काशीबाईने वाट सांगितली आहे. आपणही कोणापुढे गाऱ्हाणं घालायचं, व्हय म्हणणाऱ्यापुढे. तसं माझं एकच माणूस आहे.

चारुताला फोनवर फक्त येऊ नको म्हटलं. व्हय गो, म्हणाली. आणि सुट्टी टाकली.

२७ जानेवारी
ती आली. मला ताप. विचारते, काय होतंय ते सांग. मी तोंड मिटून आहे. एक शब्द बोलणार नाही. ठोके — सारखे — पाणी हवंय त्याला —

२८ जानेवारी
ताप उतरला. गाढ झोपले. भाताची चव लागली. हाताला वास नाही. ठोके नाहीत.

चारुता म्हणते, काल दुपारभर तापात बडबडत होतीस. बा म्हाराजा, बा म्हाराजा. मी कपाळावर पट्ट्या ठेवत व्हय व्हय करत हो—

बोलता बोलता थांबली. कान देऊन. उठली, ग्लास भरला, रिकाम्या कोपऱ्याकडे गेली.

२९ जानेवारी
माझा फॉर्म शून्य. तिचा कोरा.

मी अंघोळीला गेले तेव्हा तिने ही वही वाचली. आता मी समोर बसले आहे. म्हटलं, एकेक सांग, मी व्हय म्हणतंय, माझ्या अंगार परत दे. ओठ घट्ट मिटले तिने. मान हलवते — नाही. वर हसते.

पहिला प्रश्न, बाय. झोप मोडते? — बोल — काहीही बोल —

हात हुंगते आहे स्वतःचे —

परत उठली — ग्लास घेऊन — चारू, तिथे कोणी नाही गो — बोल ना — आयेक एकदा तरी सां—