दिवा न लागलेला रिमोट

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर पूर्ण, शाळा तिसरीपर्यंत, धंदा कपड्यांना इस्त्री करण्याचा, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, डोळ्यांवर चष्मा आहे आणि शेजारी उभं राहून मला कोणी काही सांगत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला तारीख विचारली, मी वारही सांगितला. मोठ्या मुलाने गेल्या महिन्यात टाइप करून आणलेल्या कागदावर मी सही केलेली नाही. तो किंवा तसला दुसरा कागद निघाला तर तो रद्द समजावा. माझ्या लिहिण्यात काना-मात्रा चुकली असेल तर अर्थ धरावा.

कलम १. राहतं घर, म्हणजे पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडचं इस्त्रीचं दुकान, हे माझ्या स्वकष्टाचं आहे. ते सर्व मी धाकट्या सुनेला देते. धाकटा जाऊन सहा वर्षं झाली. ती मागच्या खोलीत राहते, दुकान तीच चालवते. मोठ्याला स्वतःचा फ्लॅट आहे, त्याला लिफ्ट आहे. तो विचारेल, आई असं का वागली. म्हणून पुढचं कलम जरा लांब आहे, ते त्याने बसून वाचावं.

कलम २. टीव्हीला जोडायचा टेनिसचा खेळ, डबा आणि दोन रिमोट. हा नातीसाठी आणलेला, आता मी तो धाकट्या सुनेला देते. मोठा आणि नात रविवारी इथे येऊन खेळायचे आणि मी दारात उभी राहून बघायचे. मलाही द्या म्हटलं. मोठ्याने एक जास्तीचा रिमोट माझ्या हातात दिला आणि सांगितलं, निळ्या कपड्यातली ती तू. मी बटणं दाबली, निळी धावली. काय धावली! माझे गुडघे जिना चढताना कुरकुरतात, आणि ही कोपऱ्यातून कोपऱ्यात. तीन रविवार मी जिंकत होते. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं, त्यांनी माझ्याशी हात मिळवला.

चौथ्या रविवारी धाकटी सून घड्या घातलेले कपडे ठेवायला आत आली. माझ्या हाताकडे बघून हळूच म्हणाली, "आई, तुमच्या रिमोटचा दिवा लागलेला नाही."

निळीला यंत्रच खेळवत होतं. मोठा हसला. म्हणाला, "अगं, तिला काय कळतंय, खूश होती ना?" नात तेव्हा दहा वर्षांची, बाप सांगेल तसं करणारी, ती रडायला लागली. तिच्यावर माझा राग नाही. सुनेवर मात्र तेव्हा होता. आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मग विचार केला, घरात खरं सांगणारं हेच एक माणूस.

तो रिमोट बाजूला ठेवून तिनेच मला दुसरा जोडून दिला. मग मी ओळीने सव्वीस सामने हरले. पण हरले ती मी हरले.

खेळाबद्दल लिहून ठेवते, म्हणजे पुढे खेळणाऱ्याला उपयोग होईल. चांगलं असं की चेंडूचा आवाज मातीवर वेगळा येतो, गवतावर वेगळा, डोळे मिटूनही कळतं. उजव्या बाजूचा फटका म्हणजे चादरीवर इस्त्री ओढल्यासारखा, बटण घाईने दाबलं की फसतो, चेंडू येऊ द्यावा लागतो. चाळीस वर्षं जड इस्त्री ओढलेल्या हाताला ते शिकवावं लागलं नाही. आणि खेळ वय विचारत नाही. मी माझी बाई स्वतः बनवली, पांढरा अंबाडा, चष्मा. चष्मा एकदाही पडलेला नाही.

वाईट असं की जाळीजवळ गेलं की बाई खांबासारखी उभी राहते, चेंडू नाकासमोरून जातो. डाव्या बाजूचा फटका उशिरा निघतो. प्रेक्षकांत तीच पाच माणसं सगळीकडे बसवली आहेत, एक टक्कल तर मी अठरा ठिकाणी मोजलं. बोलणारा माणूस प्रत्येक सामन्यात तेच वाक्य म्हणतो, मी त्याला उत्तर देणं सोडून दिलं. सामना संपल्याशिवाय खेळ काही जपून ठेवत नाही, मध्येच वीज गेली की सगळं वाया. हे सगळं असूनही मी आज क्रमवारीत दुसरी आहे. पहिली होईनच. त्याआधी डोळे मिटले तर उरलेले सामने सुनेने माझी बाई घेऊन खेळावेत. ती बाई पुसायची नाही.

आता टाइप केलेल्या कागदाचं. मोठा म्हणाला, इथे फक्त सही कर, बाकी मी बघतो. मी ठेवून घेतला. दोन दिवस एकेका अक्षराखाली बोट धरून वाचला. घर मोठ्याला, दुकान मोठ्याला. धाकट्या सुनेचं नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेच नव्हतं. मला लगेच ओळख पटली. यालाही दिवा नव्हता.

कलम ३. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणाला. तिने जाळीजवळ जायची खोड सोडावी.

कलम ४. जुनी कोळशाची इस्त्री शेजारच्या शिंप्यांना. वीस वर्षं मागत आहेत आणि वीस वर्षं माझ्या घड्यांना नावं ठेवत आहेत. आता स्वतः घालून बघाव्यात.

कलम ५. मोठ्या मुलाला तो रिमोट, जो त्याने माझ्या हातात दिला होता. रागाने देत नाही. तो बिघडलेला नाही, मी पुसून ठेवला आहे, फक्त जोडलेला नाही. जोडायचं बटण मागे आहे, ते किती वेळ दाबून धरायचं हे धाकट्या सुनेला माहीत आहे. त्यासाठी त्याने या घरी यावं, दार वाजवावं आणि तिला विचारावं. ती दाखवेल. मग दोघांनी एक सामना खेळावा, आणि दिवा लागलाय का ते आधी बघावं.

वरील सर्व मी दोन वेळा वाचलं आणि ते माझंच आहे.

साक्षीदार: दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही, कलम ४ मी त्यांना वाचू दिलेलं नाही)

लिहून देणार: इस्त्रीवाली आजी (सही, अंगठा नव्हे)
स्थळ: राहत्या घराची पुढची खोली, टीव्हीसमोर
दिनांक: ७ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी अकरा. साडेअकराला माझा सामना आहे.