लंगोट ठेवण्याचे नियम

३ फेब्रुवारी, सोमवार

आधी माफी. या वहीत शेवटची नोंद गणपतीतली आहे आणि तीही अर्धीच. गुडघा दुखत होता असं कारण लिहिणार होतो. पण मी गुडघ्याने लिहीत नाही. आळस होता. इथे तरी खोटं लिहायचं नाही, निदान मुद्दाम तरी.

वय शेहेचाळीस. वजन एकशे चार किलो, त्यात निम्मे स्नायू. पुन्हा विचार केला: चाळीस टक्के.

आज लिहायला बसलो कारण काल किळस आली. आमच्या तालमीचा केरबा, वय एक्कावन्न. पंचवीस वर्षं आम्ही एकाच मातीत एकमेकांशी सराव केला. काल मैदानात बाविशीतल्या पोराच्या कपाळाला कपाळ लावून वीस मिनिटं नुसता उभा. पोराने त्याला आजारी माणसाला धरावं तसं जपून धरलेलं. केरबाने छातीवरचे केस रंगवले होते. घामाबरोबर रंग उतरला आणि पोराच्या खांद्यावर काळे ओघळ आले. पब्लिकमधून एकजण ओरडला, "मामा, बसा की आता, पोरगं काळं झालं!" शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. केरबाने दोन्ही हात वर करून फेरी मारली. मी मान फिरवली.

माणसाला कळू नये का?

६ फेब्रुवारी

आण्णांनी बोलावलं. आण्णा आमचे वस्ताद. ऐंशी पार केली तरी पहाटे हातात काठी घेऊन तालमीतल्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसलेले असतात. म्हणाले, महांतेश, तू बी.ए. झालेला हाईस, पैलवानानं कधी थांबावं ते कागदावर लिव, भिंतीला लावतो, तोंडानं सांगितलं की एकेक रुसत्यात. मी लगेच ओळखलं. विचारलं, केरबासाठी ना? आण्णांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "लिव की."

आमच्या तालमीचा रिवाज असा: थांबायचं ठरलं की शनिवारी आपला लंगोट मारुतीच्या पायाशी ठेवायचा. एकदा ठेवला की पुन्हा मातीत उतरायचं नाही. गेल्या अकरा वर्षांत एकानेही ठेवलेला नाही. लाज वाटते म्हणतात. मला तर न ठेवण्याची लाज वाटली असती.

माझं मात्र ठरलेलं आहे. शिरोळकडच्या ज्या गावात वीस वर्षांपूर्वी मी चांदीची गदा घेतली, तिथे महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मैदान असतं. तिथे एक निकाली कुस्ती जिंकायची आणि ताठ मानेने लंगोट ठेवायचा. (हेच २०२२ मध्येही लिहिलं होतं. पाहिलं. २०२३ मध्येही.)

९ फेब्रुवारी, रविवार

नियमांचा कच्चा खर्डा. प्रत्येक नियम आधी स्वतःला लावून पाहिला, नाहीतर लिहिण्याचा अधिकार काय?

नियम १. स्वतःच्या मुलापेक्षा लहान वयाच्या पैलवानाशी जोड लागू लागली की थांबावे. मला मुलगी आहे. लागू नाही.

नियम २. दोनशे बैठका एका दमात न झाल्यास थांबावे. काढून पाहिल्या. सत्तरला थांबलो. 'एका दमात' हा शब्दप्रयोग ढोबळ वाटला. 'एका दिवसात' केला.

नियम ३. केस रंगवावे लागत असल्यास थांबावे. माझ्या मिशीचा प्रश्न आला. मिशी चेहऱ्यात मोडते, शरीरात नव्हे. 'छातीवरचे केस' असं स्पष्ट केलं.

मन साफ आहे.

१३ फेब्रुवारी

शांभवीने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तालमीचं शूटिंग केलं होतं. जेवताना मोबाईलवर दाखवत होती. त्यात एक म्हातारा, पाठमोरा, वाकून पायाची माती झटकतोय. झटकणं थांबलं तरी कमरेवरचं मांस हलतच होतं. घास खाली ठेवला. म्हणालो, याला कोणीतरी सांगायला हवं, हे बघवत नाही. बायको हसू दाबत भाकरी आणायला उठून गेली. शांभवी म्हणाली, बाबा, खांद्यावर तुमचाच टॉवेल आहे.

मोबाईलच्या लेन्समुळे माणूस रुंद दिसतो का, असं तिला विचारलं. हो म्हणाली. जरा लवकर म्हणाली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आण्णांनी कागद भिंतीला लावला. केरबाने एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचला. मग सराव उरकून, मातीतून उठून, कपडे बदलून, अंगावरून उतरवलेला लंगोट तसाच नेऊन मारुतीच्या पायाशी ठेवला. घामाने ओला, मातीने लडबडलेला. मारुतीसमोर! सगळे रडले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते वासामुळे.

केरबा जवळ येऊन म्हणाला, "महांत्या, ब्येस लिवलंस. मला एकट्याला ठरवता येत न्हवतं."

मी लगेच पेन काढून कागदावर चौथा नियम लिहिला: लंगोट शुक्रवारी धुवावा, उन्हात वाळवावा, चार घड्या घालून शनिवारी ठेवावा. केरबाने विचारलं, आता हे कुणासाठी? म्हटलं, पुढच्यासाठी. "व्हय व्हय, पुढच्यासाठी," म्हणाला आणि इतका हसला की आण्णांनी काठी आपटली.

२१ फेब्रुवारी

उद्यापासून पहाटे चारला उठायचं. (१६ पासून रोज हेच ठरवतोय.) आज पावणेआठला उठलो. ऑफिस असल्यामुळे सराव नाही. संध्याकाळी शाहूपुरीत नी-कॅप घेतली. दुकानदार म्हणाला, वडिलांसाठी का? त्वचेच्या रंगाची घेतली. लांबून दिसत नाही.

केरबा रोज येऊन हौद्याच्या कडेला आण्णांशेजारी बसतो. चप्पल घालून. पाहवत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मैदान झालं. सगळं क्रमाने लिहितो.

तिथली पद्धत अशी की ज्याला जोड हवी त्याने लंगोट लावून, हात वर करून आखाड्यात फेरी मारायची. ज्याला लढायचं तो येऊन हात धरतो. मी उतरलो. हलगी सुरू झाली. पहिल्या फेरीत कोणी आलं नाही. वाटलं, घाबरले.

दुसऱ्या फेरीत एक दणकट गडी धावत आला. मी पवित्रा घेतला. तो वाकला. पाय धरायला पटात शिरतोय म्हणून मी पाय मागे घेतला, तर त्याने माझ्या पायांना हात लावून हात कपाळाला लावला आणि पळाला. मग दुसरा. मग तिसरा. सात जण पाया पडून गेले. निवेदक माईकवर ओरडला, पावणं, जुन्या नावासाठी जोरदार टाळ्या! किळस आली. कोणाची ते नीट सांगता येत नाही.

तिसऱ्या फेरीत हलगीवाला दमला. वाजवायचा थांबला.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझा हात धरला. पक्की पकड. छाती भरून आली. वळलो तर केरबा. शर्ट-पँट, पायात चप्पल, छातीच्या उघड्या बटणातून पांढरे केस. म्हणाला, "चल, उसाचा रस घिऊ." मी म्हटलं, सोड, लोक बघताहेत. "बघू देत की. गुडघा दुखतोय न्हवं? ती कातडीच्या रंगाची पट्टी घसरलीया बघ खाली."

मी हात सोडवायला गेलो. सुटला नाही. पुन्हा जोर लावला. नाही. तिसऱ्यांदा सगळी ताकद लावली, अगदी दात खाऊन. केरबा ओढत नव्हता, नुसता धरून उभा होता. लोकांना वाटलं, जोड लागली. हलगी पुन्हा सुरू झाली. "चप्पल काढा, मामा!" कोणीतरी ओरडलं. केरबाने चप्पल काढली नाही. मी हात सैल सोडला.

रसाच्या गाड्यावर केरबाने सांगितलं. आण्णांनी माझा कागद आधी त्यालाच दाखवला होता. म्हणाले होते, केरबा, आधी तू ठेव, म्हंजी त्यो ठेवंल, एकट्यानं ठेवायला त्याला लाज वाटती. मी म्हटलं, आणि तू ठेवलास? केरबा म्हणाला, "मग? पंचवीस वर्सं तुला मातीत घातला, शेवटाला एकटा कसा सोडू?" मी वाकून घसरलेली पट्टी काढली. रस अर्धा ठेवला. बर्फ फार होता.

घरी आलो. मूळ खर्डा काढून नियम २ मधला 'दिवसात' खोडला. 'दमात' केला. मिशीचं काय ते नंतर बघू.

उद्या: लंगोट धुणे.